जुन्या आउटबोर्डचा क्लब आणि नवे सभासद: एका हंगामाच्या प्रकल्प नोंदी

या नोंदी अमेरिकेत विस्कॉन्सिनच्या आग्नेय भागात, मिलवॉकीच्या आसपास चालणाऱ्या एका छोट्या क्लबाच्या आहेत. होडीच्या मागच्या फळीला अडकवायच्या जुन्या आउटबोर्ड मोटरी जमवायच्या, दुरुस्त करायच्या आणि पाण्यात चालवायच्या, एवढंच क्लबाचं काम. देशपातळीवर अँटिक आउटबोर्ड मोटर क्लब १९६५पासून आहे. आमच्यासारखे छोटे गट ठिकठिकाणी आहेत आणि बहुतेकांचं दुखणं एकच आहे: सभासद गळत जातात. मालवण-देवगडकडच्या वाचकांना आउटबोर्ड नवी नाही, पण तिथे ती पोटापाण्याची वस्तू आहे, इथे छंदाची. जुन्या स्कूटर, रेडिओ किंवा कॅमेऱ्यांचे गट चालवणाऱ्यांनाही यातलं बरंचसं लागू पडेल.

५ ऑक्टोबर २०२४: वही तपासली

सभासदांच्या यादीत ४१ नावं, भेटीगाठींना येणारे पंधराएक. गेल्या काही वर्षांत गळालेल्या नावांचे तीन ढीग केले. पहिला निधन आणि आजारपणाचा. दुसरा फ्लोरिडा-ॲरिझोनाकडे राहायला गेलेल्यांचा. तिसरा, आले, वर्षभर राहिले आणि पुढची वर्गणी न भरता गेले, अशांचा. तिसरा ढीग सर्वांत मोठा निघाला. म्हणजे ‘नवी माणसं मिळत नाहीत’ हे इतकी वर्षं केलेलं निदानच चुकीचं होतं. माणसं मिळतात, टिकत नाहीत.

तिसऱ्या ढिगातल्या लोकांना फोन केले. ‘का सोडलंत’ असं विचारलं की ‘वेळ मिळत नाही’ एवढंच गुळमुळीत उत्तर येतं. म्हणून प्रश्न बदलला: ‘क्लबात असताना तुमची स्वतःची मोटर चालू झाली का?’ ज्यांनी फोन उचलला त्यांपैकी कोणाचीही झाली नव्हती. कोणाला सुटे भाग कुठून मागवायचे ते कळलं नाही. कोणी मोटर भेटीला आणली, ती दोन जाणत्यांनी पाहिली, ‘कॉइल गेलीय’ म्हणाले आणि पुढच्या मोटरीकडे वळले. आणि जवळपास सगळ्यांनी एक गोष्ट सांगितली, की भेटीत गप्पा दुर्मीळ मोटरींच्या चालतात, त्यात नव्या माणसाला तोंड उघडायला जागा नसते.

यावरून प्रकल्प ठरला: हिवाळ्यात सहा नव्या लोकांना बसवायचं, प्रत्येकाने एक मोटर स्वतःच्या हाताने चालू करायची, उन्हाळ्यात तीच पाण्यात उतरवायची. जाहिरातीचा विचार त्यानंतर. भोक बुजवल्याशिवाय पाणी भरण्यात अर्थ नाही.

९ नोव्हेंबर २०२४: कोणती मोटर घ्यायची

यावर बराच वाद झाला, पण इथे घाई करू नका, कारण पुढचं सगळं यावर अवलंबून आहे. सहा जणांच्या सहा वेगळ्या मोटरी घेतल्या तर शिकवणं अशक्य होतं. एका टेबलावरची अडचण दुसऱ्या टेबलाला उपयोगी पडत नाही.

निवडली ती १९५०च्या दशकातली तीन हॉर्सपॉवरची जोडसिलिंडर मोटर: जॉन्सनची जेडब्ल्यू किंवा एव्हिनरूडची लाइटविन. दोन्ही एकाच मातृसंस्थेच्या, आउटबोर्ड मरीन कॉर्पोरेशनच्या, त्यामुळे आतून जवळजवळ सारख्या. वजन साधारण १५ किलो, एका हाताने उचलता येते, गाडीच्या डिकीत मावते. पेट्रोलची टाकी मोटरीच्या डोक्यावरच असते, वेगळी लागत नाही. मुख्य कारण वेगळं आहे. तिची मॅग्नेटो (बॅटरीशिवाय ठिणगीची वीज तयार करणारी यंत्रणा) त्या काळातल्या याच घराण्याच्या साडेपाच, साडेसात, दहा हॉर्सपॉवरच्या मोटरींतही त्याच धाटणीची आहे. ही शिकलेला माणूस पुढे त्या घराण्यातली कुठलीही मोटर उघडायला घाबरत नाही. तिच्यातली कॉइल (विजेचा दाब वाढवणारी तारेची गुंडाळी), पॉइंट (ठिणगीच्या क्षणी उघडणारा छोटा स्विच), कंडेन्सर (पॉइंट जळू न देणारा भाग), सगळं आजही नवं मिळतं.

काय टाळलं आणि का, तेही लिहितो. दहा हॉर्सपॉवरच्या मोटरी स्वस्तात मिळतात, पण १९५९पर्यंतच्या मोटरींना दोन नळ्यांची, हवेच्या दाबावर पेट्रोल ढकलणारी टाकी लागते. तिचे जुने गॅस्केट गळतात, आणि दाबाखालचं पेट्रोल गळणं ही शिकाऊ माणसाच्या हातात द्यायची गोष्ट नाही. १९२० आणि ३०च्या दशकांतल्या एल्टो कंपनीच्या किंवा जॉन्सनच्या जुन्या सी-हॉर्स मोटरी देखण्या असतात, पण एक भाग मोडला की वर्षभर शोध. पहिली मोटर म्हणून नको.

मोटर घेण्याआधी पाहायच्या गोष्टी: हाताने फिरते का, दोन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन (आत हवा किती दाबली जाते ते) साधारण ६० पीएसआयच्या, म्हणजे चौरस इंचाला ६० पौंडांच्या वर आणि एकमेकांच्या जवळ आहे का, खालच्या गिअरकेसला (पंखा फिरवणाऱ्या गिअरांच्या पेटीला) बारीक तडा तर नाही. इथल्या थंडीत गिअरकेसमध्ये शिरलेलं पाणी गोठतं, फुगतं आणि ॲल्युमिनियम फोडतं. तड्यावर रंग मारून विकलेल्याही सापडतात, तेव्हा नख फिरवून पाहा. ठिणगी नसली तरी चालेल, किंबहुना नसलेलीच बरी, शिकायला तेच हवं.

२३ नोव्हेंबर २०२४: खर्च

एका मोटरीमागचा हिशोब डॉलरमध्ये: दोन कॉइल ६०, पॉइंट आणि कंडेन्सरचे दोन संच ३०, दोन स्पार्क प्लग ८, मोटर थंड ठेवणाऱ्या वॉटर पंपाचं इम्पेलर (पाणी ढकलणारं रबरी चाक) १५, कार्ब्युरेटरचे गॅस्केट वगैरे १५, तांब्याच्या तारेची प्लगवायर ८, गिअर ऑइलचा वाटा ५. एकूण १४१. मोटर वेगळी, त्या क्लबाकडे पडून असलेल्यांतून प्रत्येकी ५० डॉलरला दिल्या.

सगळं फुकट द्यावं असा एक प्रस्ताव होता. तो बाजूला ठेवला. पैसे भरलेला माणूस दुसऱ्या आठवड्यात परत येतो, कारण टेबलावर त्याची स्वतःची वस्तू उघडी पडलेली असते. क्लबाने पैसे घातले ते अवजारांत: फ्लायव्हील (मोटरीच्या वरचं चुंबक असलेलं जड चाक) ओढून काढायचे तीन पुलर, फीलर गेजचे (बारीक फट मोजायच्या पात्यांचे) सहा संच, एक टॉर्क पाना, ठिणगी तपासायचा टेस्टर. पुलर सहा हवे होते. तीनच घेतल्याने पहिल्याच दिवशी निम्मे लोक ताटकळले.

कॉइलची ऑर्डर एकत्र दिली. मूळ क्रमांक ५८२९९५. दुसऱ्या कंपन्यांच्याही येतात आणि चालतात. ऑर्डर डिसेंबरच्या आत द्या, नंतर सुट्ट्यांमुळे माल रखडतो.

११ जानेवारी २०२५: फ्लायव्हील

वर ओढायच्या दोरीचा स्टार्टर काढला, नट सैल केला, पुलरचे तीन बोल्ट फ्लायव्हीलवरच्या तीन भोकांत फिरवले, मधला स्क्रू आवळला. एका टेबलावर बोल्ट आखूड होते. दोन आट्यांवरच सगळा जोर आला आणि ॲल्युमिनियमचे आटे बोल्टसकट बाहेर. नवीन आटे पाडून घेण्यात त्या दिवसाचं काम गेलं. नियम: बोल्ट निदान स्वतःच्या जाडीएवढा तरी आत गेला पाहिजे. कडेला जबड्याचा पुलर लावू नका, फ्लायव्हील वाकतं. क्रँकशाफ्टच्या (फ्लायव्हील ज्यावर बसतं त्या दांड्याच्या) टोकावर हातोडा तर मुळीच नको. मधला स्क्रू ताणून ठेवायचा आणि त्याच्याच डोक्यावर एक टोला द्यायचा; ‘टक्’ असा आवाज येऊन फ्लायव्हील सुटतं. क्रँकवरची छोटी चावी लगेच काढून डबीत ठेवा, ती जमिनीवर पडली की सापडत नाही.

फ्लायव्हील उचलल्यावर सहाही मोटरींत एकच चित्र: कॉइलचं तपकिरी कवच उन्हाने भेगाळलेल्या चिखलासारखं तडकलेलं. कवचाला सत्तर वर्षांत भेगा पडतात, दमट हवा आत शिरते आणि ठिणगी प्लगपर्यंत पोहोचण्याआधीच बाहेर पळते. हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्यावर ‘कॉइल गेलीय’ या वाक्याचा अर्थ सांगावा लागत नाही.

आता या दिवसाची सर्वांत महत्त्वाची नोंद. जुने सभासद शिकवायला मनापासून आले होते, पण नव्याचा पाना अडखळला की तो हातातून घेऊन स्वतःच नट फिरवून द्यायचे. दहा मिनिटांत काम होतं आणि नवा माणूस प्रेक्षक बनतो. अशाच प्रेमापोटी आपण माणसं घालवली आहेत. दुपारी नियम केला आणि भिंतीवर लावला: शिकवणाऱ्याने बोट दाखवायचं, अवजार धरायचं नाही. पाळायला जड गेला, पण पाळला.

८ फेब्रुवारी २०२५: ठिणगी

नव्या कॉइल बसवताना तिच्या लोखंडी पायांच्या कडा खालच्या प्लेटवरच्या घडीव उंचवट्यांच्या कडेशी अगदी समपातळीत यायला हव्यात. जरा बाहेर आल्या तर फ्लायव्हीलचे चुंबक घासतात. आत गेल्या तर ठिणगी मरते. बोट फिरवून पायरी जाणवते का पाहायचं, मगच स्क्रू आवळायचे.

पॉइंटचं अंतर ०.०२० इंच, म्हणजे साधारण अर्धा मिलिमीटर. क्रँक घड्याळाच्या दिशेने फिरवत पॉइंट सर्वांत जास्त उघडतात तिथे थांबा आणि मग मोजा. फीलर गेजला तेल असतं, नव्या पॉइंटवरही कारखान्यातून आलेला तेलकट थर असतो. अल्कोहोलमध्ये बुडवलेला जाड कागद पॉइंटमधून ओढल्याशिवाय ठिणगीची अपेक्षा धरू नका. दोन टेबलांवर तासभर डोकं खाजवल्यावर कारण एवढंच निघालं.

एका मोटरीला वरच्या सिलिंडरवर ठिणगी नव्हती. इथे शिकवणाऱ्यांनी धीर धरला त्याचा फायदा झाला. दोन्ही बाजूंचे कंडेन्सर आपसांत बदलायला सांगितले. ठिणगी वरच्या सिलिंडरवर आली, खालची गेली. म्हणजे नवा कंडेन्सरच सदोष. ‘नवा आहे म्हणजे चांगला आहे’ हा समज त्या दिवशी सगळ्यांचाच गेला. अजून एकीला ठिणगी येत-जात होती. प्लगवायर प्लेटखाली चिमटली गेली होती. प्लगवायर तांब्याच्या तारेचीच घ्या, गाडीची कार्बनवाली चालत नाही, कारण कॉइलमधला खिळा तिच्यात नीट रुततच नाही.

कसोटी: टेस्टरवर पाव इंचाच्या फटीतून ठिणगी उडी मारते का. मारत असेल तर मॅग्नेटो झाली.

१५ मार्च २०२५: कार्ब्युरेटर, पाणी आणि एक गळती

कार्ब्युरेटरमधला पेट्रोलची पातळी राखणारा तरंगा बुचाच्या लाकडाचा असतो, त्यावर पूर्वी शेलॅकचा थर देत. आजच्या पेट्रोलमधल्या इथेनॉलने तो विरघळतो, बूच पेट्रोल पितं, जड होऊन बुडतं आणि मग कार्ब्युरेटर ओव्हरफ्लो होतो. जुना थर खरवडून, बूच पूर्ण वाळवून त्यावर पातळ सुपरग्लूचे दोन-तीन हात दिले. ज्यांनी वाळायला वेळ दिला नाही त्यांचा थर फुगला, पुन्हा करावं लागलं. विस्कॉन्सिनात बऱ्याच पंपांवर विनाइथेनॉल प्रीमियम पेट्रोल मिळतं, तेच वापरा.

वॉटर पंपासाठी गिअरकेस उतरवली. इम्पेलर बदलणं सोपं, परत चढवणं अवघड. वरून येणारी पाण्याची तांब्याची नळी खालच्या रबरी भोकात बसली पाहिजे. डोळ्यांना दिसत नाही, हाताला कळतं. ती बाजूला गेली तर इम्पेलर नवा असूनही पाणी वर चढत नाही. जुनं गिअर ऑइल दुधासारखं निघालं तर सील गेलंय, तेही आत्ताच बदला.

सहांतला एक जण यायचा थांबला. कारण विचारलं तर शनिवारी सकाळी मुलांचे खेळ असतात. आमच्या बैठका निवृत्त लोकांच्या सोयीने ठेवल्या होत्या, आणि तरुण माणसं हवीत असं आम्हीच म्हणत होतो. पुढच्या बैठका गुरुवारी संध्याकाळी ठेवल्या. थांबलेला परतला नाही, पण दुसऱ्या दोघांनी ‘बरं झालं’ म्हणून सांगितलं. घरी मुलं लहान असतील तर शनिवार हा दिवस क्लबाचा नसतो, हे ठरवताना लक्षात ठेवा.

१२ एप्रिल २०२५: टाकीत पहिली सुरुवात

जनावरांना पाणी पाजायची १०० गॅलनची टाकी घेतली. पिंप अरुंद पडतं, पाणी ढवळून बाहेर उसळतं. टाकीच्या कडेला जाड फळी बोल्टने बसवली, तिच्यावर मोटर. पाणी पंख्याच्या वरच्या आडव्या पट्टीच्या वर हवं. हे काम उघड्यावरच करायचं. गॅरेजचं दार उघडं आहे म्हणून आत चालवू नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

तेलाचं प्रमाण २४ला १: तीन गॅलन पेट्रोलला एक पाइंट, लिटरमागे साधारण ४२ मिली. टीसी-डब्ल्यू३ दर्जाचं आउटबोर्ड तेल. ‘आजकाल ५०ला १ चालतं’ असं कोणीतरी हमखास म्हणतं. ते नंतरच्या, नीडल बेअरिंगच्या (सुईसारख्या बारीक रोलरांच्या) मोटरींसाठी. साध्या बेअरिंगच्या या मोटरी त्यावर चालवल्या तर बेअरिंग खातात.

या मोटरींना थंड करणारं पाणी येतंय हे दाखवणारी वेगळी धार नसते. मागच्या भोकातून धुराबरोबर पाण्याचे तुषार येतात, तेच पाहायचे. शंका असेल तर सिलिंडर हेडवर पाण्याचा थेंब टाका. चर्र झाला तर लगेच बंद करा. एका मोटरीला तुषार आले नाहीत. नळी रबरात बसली नव्हती. गिअरकेस पुन्हा उतरवली.

पाचही मोटरी त्या दिवशी चालल्या. दोरी ओढणारा हात मालकाचाच असावा, हा आग्रह सोडू नका. चौथ्या-पाचव्या ओढीला मोटर पकडते, निळा धूर निघतो आणि त्या माणसाचा चेहरा पाहून पुढच्या वर्षाची वर्गणी येणार की नाही ते कळतं.

१७ मे २०२५: लोक कुठून आले

आता भोक बुजलं होतं, म्हणून बाहेर पडलो. बोटींच्या दुकानांत पत्रकं ठेवली. त्यातून एकही फोन नाही. जुन्या बाजारात चकचकीत रंगवलेल्या मोटरी मांडून बसलो. लोक फोटो काढतात, ‘आजोबांकडे अशीच होती’ म्हणतात आणि पुढे जातात. त्याच जागी पाण्याच्या टाकीत एक मोटर चालू ठेवली तेव्हा गर्दी थांबली. आवाज आणि धूर जे काम करतात ते रंग करत नाही.

सर्वांत जास्त उपयोग झाला ‘जुनी मोटर आणा, फुकट तपासून देतो’ या दिवसाचा. एका हार्डवेअर दुकानाच्या आवारात सकाळभर दोन टेबलं. प्रत्येक मोटरीला एक कार्ड: मेक, मॉडेल, वर्ष, दोन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन, ठिणगी आहे की नाही, गिअर ऑइलचा रंग. आणि सर्वांत खाली एकच ओळ: ‘पुढचं काम’. त्या ओळीत सगळी यादी लिहू नका, माणूस घाबरतो. ‘कॉइल बदला, गुरुवारी सात वाजता या, आम्ही दाखवतो’ एवढंच.

वर्ष ओळखून सांगितलं की माणूस खुलतो. १९८०पासूनच्या जॉन्सन-एव्हिनरूडवर मॉडेल क्रमांकात वर्षाची दोन अक्षरं असतात. ‘आय एन टी आर ओ डी यू सी ई एस’ ही दहा अक्षरं लिहा आणि त्यांना १पासून ९ आणि शेवटी ० असे आकडे द्या. ‘सी ओ’ म्हणजे ८५. त्याआधीच्या मोटरींना तक्ताच लागतो, तो छापून टेबलावर ठेवा.

इथूनच एक जुना वाद उकरून निघाला. आलेल्या मोटरींपैकी निम्म्याहून जास्त १९७० आणि ८०च्या दशकांतल्या होत्या. क्लबातल्या काहींच्या लेखी त्या ‘जुन्या’ नाहीतच. पण चाळिशीतल्या माणसाच्या वडिलांची मोटर हीच. त्याला १९१४ची मोटर दाखवून ओढता येणार नाही. त्याची आठवण जिथे आहे तिथेच दार ठेवावं लागतं. मतदान घेऊन १९८९पर्यंतच्या मोटरी घेऊन येणाऱ्याला पूर्ण सभासदत्व दिलं. माझ्या मते या हंगामातला सर्वांत फायद्याचा निर्णय हाच.

आणखी एक विहीर आमच्याच अंगणात होती. एव्हिनरूड कंपनीचा संस्थापक ओले एव्हिनरूडने १९०९मध्ये विकायला काढलेली दीड हॉर्सपॉवरची मोटर मिलवॉकीचीच. एव्हिनरूडचं उत्पादन २०२०मध्ये थांबलं तेही इथून जवळच्या स्टर्टेव्हंटला. जॉन्सनचा जुना कारखाना सीमेपलीकडे इलिनॉयमधल्या वॉकीगनला. या कारखान्यांत आणि डीलरांच्या वर्कशॉपमध्ये हयात घालवलेली माणसं आसपास राहतात. त्यांना ‘सभासद व्हा’ म्हटलं तर नको म्हणतात. ‘गुरुवारी येऊन आमच्या पोरांना सील कसं दाबतात ते दाखवा’ म्हटलं तर येतात. असे तिघे आले आणि नियमित येऊ लागले.

२१ जून २०२५: पाण्यातली भेट

जागा मोठ्या बोटींची वर्दळ नसलेलं छोटं सरोवर. उद्यानाच्या कार्यालयाने विम्याचं प्रमाणपत्र मागितलं. ते मिळायला तीन आठवडे लागले, तारीख जवळजवळ हुकलीच होती. मोटर लावलेल्या होडीला राज्याची नोंदणी लागते, म्हणून नोंदणी झालेल्या चार ॲल्युमिनियमच्या होड्या सभासदांकडून मागून घेतल्या. पूर्वी ‘ज्याची होडी, तोच पाण्यात’ अशी पद्धत होती. नवा माणूस काठावर उभा राहून मोटर घेऊन परत जायचा.

शिकाऊंना आधी एक गोष्ट ठासून सांगा: या तीन हॉर्सपॉवरच्या मोटरीला न्यूट्रल नाही. पेटली की होडी निघाली. दोरी ओढण्याआधी दावं सोडलेलं, तोंड मोकळ्या पाण्याकडे, माणूस खाली बसलेला, लाइफ जॅकेट अंगात. मागे जायचं तर अख्खी मोटर उलटी फिरवायची. ते आधी काठावर, मोटर बंद ठेवून करून घ्या.

पंख्याची पिन तुटणं ठरलेलं. दगड-ओंडका लागला की ती स्वतः तुटून गिअर वाचवते. प्रत्येक होडीत दोन पिना, पक्कड आणि वल्ही हवीतच. घरच्या खिळ्याची पिन करू नका. तुटायची ती तुटत नाही आणि गिअर जातो.

परतताना होडी आणि मोटरीवरची पाणवनस्पती काढणं, साठलेलं पाणी ओतून देणं हा इथला कायदा आहे, झेब्रा शिंपल्यांसारखे उपद्रवी जीव एका तळ्यातून दुसऱ्यात जाऊ नयेत म्हणून. हे काम एका माणसाला नेमून द्या.

दुसरा नेमायचा माणूस म्हणजे स्वागताचा. त्याने दिवसभर मोटरीला हात लावायचा नाही. नवा चेहरा दिसला की जायचं, नाव विचारायचं, अर्ध्या तासाच्या आत त्याला कुठल्यातरी होडीत बसवायचं. मराठी मंडळात गणपतीच्या वेळी दाराशी उभा राहणारा कार्यकर्ता जे करतो, तेच. हे काम कोणालाच नको असतं, म्हणून दर दोन तासांनी माणूस बदलला.

१६ ऑगस्ट २०२५: वारशात आलेल्या मोटरी

जुना सभासद गेला की घरचे फोन करतात: गॅरेजमध्ये तीसेक मोटरी आहेत, काय करू? हा प्रसंग क्लबाची परीक्षा असतो. मागे अशा वेळी ओळखीची माणसं आधी पोहोचली, चांगल्या मोटरी उचलल्या, घरच्यांना कवडीमोल मिळालं आणि ते घर क्लबाला कायमचं तुटलं. म्हणून पद्धत लिहून काढली.

दोघांनी मिळूनच जायचं, एकट्याने नाही. प्रत्येक मोटरीला क्रमांकाचा टॅग, फोटो, मॉडेल, अवस्था, अंदाजे किंमत. यादी आधी घरच्यांच्या हाती. त्यांनी आठवण म्हणून काय ठेवायचं ते ठरवेपर्यंत एकही स्क्रू हलवायचा नाही. यादी करणाऱ्या दोघांना त्यातली मोटर विकत घेता येणार नाही. विक्री सगळ्यांसमोर, भेटीच्या दिवशी. घरच्यांनी एखादी ठेवली तर ती चालू करून द्यायची, कामाचे पैसे न घेता.

या उन्हाळ्यात अशा एका घरातून पुढच्या वर्गासाठी तीन हॉर्सपॉवरच्या चार मोटरी मिळाल्या, आणि त्या घरातली मुलगी वडिलांची मोटर घेऊन गुरुवारी यायला लागली.

११ ऑक्टोबर २०२५: वर्गणी

पूर्वी नूतनीकरणाची आठवण पत्राने जायची आणि उत्तर नाही आलं की नाव कापलं जायचं. यंदा पत्राआधी फोन, आणि फोनवर पैशांचा विषय सर्वांत शेवटी. आधी ‘मोटर कशी आहे, हिवाळ्यासाठी पेट्रोल काढलंत का, गिअर ऑइल बदललंत का’. मग एक छोटं, मुदतीचं काम: टाकी आणणं, कार्डं छापणं, सुट्या भागांच्या डब्यांची मोजदाद. ‘कार्यकारिणीत या’ म्हटलं की माणूस पळतो. ‘मे महिन्यातल्या एका सकाळी कार्डं लिहाल का’ म्हटलं की हो म्हणतो.

पाचपैकी पाचांनी वर्गणी भरली. तपासणीच्या दिवसातून चौघे नवे आले. सुटे भाग उसने देण्याची पेटी सुरू केली होती, तिच्यात दोन चांगल्या कॉइल, पॉइंट-कंडेन्सरचे संच आणि पुलर. नेलेलं परत येतंय, एक फीलर गेज सोडून.

काय जमलं नाही: लांब राहणारे सभासद. दोन-तीन तासांवर असलेल्यांना गुरुवार शक्य नाही आणि व्हिडिओवर पॉइंटचं अंतर शिकवता येत नाही; दोनदा करून पाहिलं, हाताला लागणारी गोष्ट पडद्यावर दिसत नाही. पुढच्या वर्षी त्यांच्या बाजूला एक दोन दिवसांची बैठक घ्यायची आहे, फ्लायव्हील ते पहिली सुरुवात एकाच वेळी. त्यासाठी बूच आधीच थर देऊन वाळवलेलं न्यावं लागेल, नाहीतर दुसरा दिवस त्यातच जाईल.

जानेवारीच्या वर्गाला आठ नावं आली आहेत, टेबलं सहाच. पाचांपैकी दोघे यंदा शिकवायला उभे राहणार आहेत. पुलरचे लांब बोल्ट आणि आणखी तीन पुलर मागवले. कॉइलची ऑर्डर नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात जाईल, त्यात दोन कंडेन्सर जादा.